लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळावरचा कारखाना आणि आपली तुकडी



स्मरणिकेसाठी शाळेतली एखादी आठवण लिहून पाठवा, असा समितीचा निरोप आला. माझी शाळेतली मुख्य आठवण तुम्हा सर्वांना माहीत आहे. १९८१च्या दहावीच्या निकालात आपल्या तुकडीतले जे नापास झाले, त्यांत मी होतो. गणिताने घात केला. पण त्यानंतरच्या पंधरवड्यात काय घडले, ते मी कुणाला नीट सांगितलेले नाही.

वडिलांनी मला मुंबईला मामाकडे पाठवायचे ठरवले होते. पिशवीही भरून झाली होती. त्या संध्याकाळी आपले वर्गशिक्षक सायकलवरून घरी आले, वडिलांशी ओसरीवर बसून थोडे बोलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॅरिअरवर बसवून शेजारच्या गावातल्या एका छोट्या फाउंड्रीत घेऊन गेले. मालकांनी माझा निकाल विचारला नाही. माझे हात पाहिले आणि उद्यापासून ये म्हणाले. त्यांच्या टेबलामागे एका वृद्ध गृहस्थाचा हार घातलेला फोटो होता. मला वाटले, मालकांचे वडील असतील. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर होते. मालक स्वतः उमेदीची वर्षे किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत मोल्डर होते. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाताना ते लक्ष्मणरावांच्या गोष्टी सांगत. पुढे मी मिळेल तसे वाचत गेलो. आपण सगळे वाडीचे स्टेशन बघत लहानाचे मोठे झालो, पण ती वाडी कशी उभी राहिली हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून ही गोष्ट.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचा अभ्यास असलेले. मुलाचे मन मात्र पाठांतरात नव्हते. त्याला दोनच गोष्टींचे वेड, चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून बघणे. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधाराने तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तिथे दोन वर्षांत लक्षात आले की त्याला काही रंग ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला रंगच दिसू नयेत, यापेक्षा मोठे नापास होणे कोणते?

आपल्या फाउंड्रीत मालक गोष्ट इथपर्यंत आणून थांबत आणि माझ्याकडे बघत. मला त्याचा अर्थ बऱ्याच उशिरा कळला.

लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. ते यांत्रिक आरेखन शिकले. त्यात रंग लागत नाही, नजर आणि हात लागतो. त्याच बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवण्याचे तास संपले की ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जात आणि लेथ, भट्टी, वाफेचे इंजिन यांवर स्वतः काम करत. म्हणजे शिक्षक म्हणून लागले आणि विद्यार्थी म्हणून राहिले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला परतले.

बेळगावला रामूअण्णांबरोबर सायकलींचे दुकान १८८८ सालीच सुरू झालेले होते. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवत, रामूअण्णा विकत, दुरुस्त करत आणि लोकांना चालवायलाही शिकवत. गिऱ्हाईक तयार करायचे तर आधी त्याला वस्तू वापरायला शिकवावे लागते, हा धडा दोघा भावांनी तिथे घेतला. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

नोकरी सोडून आल्यावर लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे करायला घेतली. पहिले कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर. आपल्या आजोबा-पणजोबांचा लाकडी नांगर जमीन वरवर उकरायचा. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खाली तशाच राहायच्या. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो आणि मुळ्या उन्हात टाकतो. फायदा उघड होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत पसरलेली होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे गेली.

हे वाचताना मी माझ्या धंद्याच्या हिशेबाने विचार करतो. दोन वर्षे माल पडून, भांडवल अडकलेले, कामगारांचे पगार चालू. आज बँक तीन हप्ते थकले की नोटीस धाडते. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. शेतकऱ्याची तक्रार असेल तिथे नांगर सुधारला, आणि नांगर चालतो कसा ते लोकांना पटवत राहिले. पहिली भागीदारी ही अशी, कारखानदार आणि शेतकरी यांची. तिचा कागद कुठेही झालेला नाही.

धंदा जरा रुळतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी हवी झाली. जागा सोडावी लागली. त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधला यमाईच्या देवळाशी मंडप बांधण्याचे काम होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची त्यांच्याशी ओळख झाली. बाळासाहेब स्वतः चित्रकार. एक रंगांत रमलेला राजा आणि एक रंग न दिसल्यामुळे यंत्रांकडे वळलेला कारागीर, यांची मैत्री जमली. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली मंडळी तिथे राहायला आली.

३२ एकर ऐकायला मोठे वाटते. पण तो माळ होता. निवडुंगाचे रान, जागोजागी साप, पाण्याची वानवा. जमेची बाजू एकच, पुणे-मिरज रेल्वे शेजारून जात होती. लोखंड आणि कोळसा उतरवता येणार, नांगर चढवता येणार. राजाने जमीन दिली, रेल्वेने वाट दिली. उरले मनुष्यबळ. ते त्या माळावर कुठून आणायचे?

मला या गोष्टीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे बेळगावहून आली. त्यांच्यात शिकलेला इंजिनिअर शोधूनही सापडला नसता. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था बघायची, पाणी, रस्ते, घरे सगळी. शंभोराव जांभेकर पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कचेरी सांभाळली. अनंतराव फळणीकर शाळेच्या परीक्षेत चमकलेले नव्हते, पण यंत्राच्या बाबतीत त्यांचे डोके विलक्षण चाले. वाया गेलेला म्हणून ज्याच्यावर शिक्का बसला होता, असा माणूसही तिथे कामाला लागून सरळ झाला. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण, तर शिक्षा भोगून आलेली माणसे. सगळा मुलूख ज्यांच्या नावाने घाबरायचा, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी वाडीच्या किल्ल्या दिल्या. किल्ल्या सुरक्षित राहिल्या.

लक्ष्मणरावांना योग्य माणसे मिळाली, असे लोक म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. मिळाली ती माणसे त्यांनी योग्य केली. त्यासाठी त्यांनी वेगळी संस्था काढली नाही, कामच शाळा केले. फाउंड्रीत हे कसे होते ते मी सांगू शकतो, कारण मी त्यातून गेलो आहे. नवा पोरगा आधी वाळू चाळतो. मग वाळूत पाणी किती, ते मुठीत दाबून ओळखायला शिकतो. गोळा नीट तुटला तर वाळू बरोबर, भुगा झाला तर कोरडी, बोटाला चिकटली तर ओली. ओल्या वाळूच्या साच्यात तापलेला रस ओतला की वाफ धरते आणि ओतकामात भोके पडतात. हे पुस्तकातही असते, पण मुठीला कळायला सहा महिने लागतात. त्या सहा महिन्यांत पोरगा जे साचे बिघडवतो, त्याचा खर्च कुणीतरी सोसावा लागतो. लक्ष्मणरावांनी तो सोसला. पुढे माझ्या मालकांनी माझ्यासाठी सोसला.

वाडीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. त्या काळी आपल्या भागात एका पाणवठ्यावर सगळे येत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीची किंमत कळते. एका भट्टीवर काम करायचे आणि पाण्याला शिवायचे नाही, हे चालणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. घरे बांधली, शाळा झाली, झाडे लावली. निवडुंगाच्या माळावर गाव उभे राहिले. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत तिची गणना होते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लोखंड आटले. बाहेरचे नांगर येईनासे झाले म्हणून देशी नांगराला मागणी वाढली, पण ओतायला बीड नाही. या अडचणीत कोल्हापूरचे शाहू महाराज धावून आले. संस्थानातल्या जुन्या, निकामी तोफा त्यांनी वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले.

वाडीचे नांगर गावोगाव पोहोचवणाऱ्यांत एक उंचापुरा तरुण होता, भाऊराव पाटील. किर्लोस्करांच्या नांगराचा विक्रेता म्हणून त्याने खेडी पालथी घातली. नांगर विकताना त्याला दिसले की शेतकऱ्याच्या घरात पोरे आहेत आणि शाळा नाही. १९१९ साली काले येथे त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे कमवा आणि शिका या योजनेने हजारो पोरांना उभे करणारे कर्मवीर अण्णा ते हेच. त्यांच्या कामाची मुळे अनेक आहेत, एकट्या वाडीला श्रेय देणे चुकीचे होईल. पण कारखान्याच्या कामानिमित्त वणवण केलेल्या माणसाने शाळा काढली, आणि शाळेतल्या शिक्षकाने नापास पोराला सायकलवरून कारखान्यात नेले. मला या दोन गोष्टी एकाच रस्त्यावरच्या वाटतात.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले. आधी ते कारखान्याची माहिती देणारे होते, पुढे त्याचेच किर्लोस्कर मासिक झाले आणि त्याला स्त्री व मनोहर ही भावंडे झाली. माळावरच्या स्टेशनातून नांगरांबरोबर मासिकांचे गठ्ठेही जाऊ लागले. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आला. उसाचे चरक, पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादने वाढत गेली. मोटेने पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याच्या विहिरीवर पंप बसला आणि आपल्या भागाची पिकेच बदलली. पुढे शंतनुरावांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू केला. माळावरच्या फाउंड्रीत तयार झालेली माणसे आणि पद्धत त्यामागे होती.

एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण ती गाळली तर हा लेख खोटा होईल. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर आपल्या भागात जी जाळपोळ झाली, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या मुलखाला त्यांनी रोजगार दिला, त्याच मुलखातून आलेल्या जमावाने हे केले. माझे आजोबा त्या दिवसांबद्दल बोलायचे टाळत. आमच्या गोठ्यात वाडीचा नांगर होता आणि त्यांना त्याची लाज वाटत असावी, नांगराची नव्हे, त्या दिवसांची. कारखाना पुन्हा उभा राहिला. माणसे पुन्हा पाळीवर आली. गाव आणि कारखाना यांचे नाते एकदा जोडले की कायमचे झाले, असे कधीच नसते. दर पिढीला ते पुन्हा जोडावे लागते. लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून मी घेतलेला सर्वांत अवघड धडा हाच.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. माझ्या मालकांनी त्यातले एक फोटोच्या चौकटीत खोचून ठेवले होते.

आता आपल्याकडे येतो.

मी सहा वर्षे त्या फाउंड्रीत काढली आणि मग स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकले. आज माझ्याकडे अकरा माणसे आहेत. मला आणखी चार हवी आहेत आणि दोन वर्षे झाली, मिळत नाहीत. मोल्डिंगला हात तयार असलेला पोरगा सापडत नाही. आणि त्याच वेळी माझ्या गल्लीत, तुमच्याही गल्लीत, दहावी-बारावी झालेली, काही तर पदवी घेतलेली पोरे पारावर बसून मोबाइल बघत आहेत. काम आहे आणि माणूस नाही, माणूस आहे आणि काम नाही. एकाच गावात, एकाच रस्त्यावर. मी बरीच वर्षे यासाठी पोरांना दोष देत होतो. एक दिवस ध्यानात आले की माझ्याकडे आलेल्या नवख्या पोराला मी तिसऱ्या दिवशी हाकलले होते, चार साचे बिघडवले म्हणून. माझ्या मालकांनी माझे किती बिघडलेले साचे मोजले असतील? त्या रात्री मला झोप आली नाही.

राजाची ३२ एकर जमीन आज कुणी देणार नाही. पण वाडी केवळ त्या जमिनीवर उभी राहिली नव्हती. कुणी जमीन दिली, कुणी निकामी तोफा दिल्या, कुणी हिशेब सांभाळला, कुणी गावोगाव नांगर पोहोचवला. प्रत्येकाने आपल्याकडे असलेले दिले. आपल्या तुकडीकडे काय आहे, ते मी मोजून पाहिले. माझी फाउंड्री आहे. मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसणाऱ्याचे मोटर रिवाइंडिंगचे दुकान आहे. मुलींच्या रांगेत पहिल्या बाकावर असणारी शिवणकामाचे युनिट चालवते, तिच्याकडे चौदा बायका आहेत. एकाचा दूध शीतकरणाचा प्लांट आहे. एक जण बँकेतून निवृत्त झाला आहे, म्हणजे आपल्याला रेगे मिळाले. आणि शाळेच्या तांत्रिक विभागाची खोली आहे. तिथला लेथ गंजला आहे, पण मोडलेला नाही. मी गेल्या महिन्यात जाऊन पाहिला. दुरुस्तीचा खर्च मी करतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. शाळेने दर वर्षी सहा पोरे-पोरी सुचवावीत, पहिल्या नंबरातली नकोत. आपण प्रत्येकाने एक किंवा दोघांना वर्षभर आपल्याकडे घ्यावे, पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन द्यावे आणि पहिल्या सहा महिन्यांत होणारे नुकसान आपल्या खात्यावर टाकावे. बँकवाल्याने हिशेब ठेवावा आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवावा. सगळी टिकतील असे मी म्हणत नाही. सहांतली तीन टिकली तरी पुरे.

आपले वर्गशिक्षक मेळाव्याला येणार आहेत, असे समितीकडून कळले. आता त्यांना सायकल चालवता येत नाही, मी त्यांना घ्यायला जाणार आहे. त्या सकाळबद्दल त्यांचे आभार मी कधी मानले नाहीत. शब्दांत मानले तर ते रागावतील, हे तुम्हालाही माहीत आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर तांत्रिक विभागाच्या खोलीत पंधरा मिनिटे जमूया. किल्ली शिपाईमामांकडून मी आधीच मागून ठेवली आहे.